बाबलच्या तबकडीवरचं नाव

मुंबईच्या कारखानीसाने मिठबावच्या बाबलला फसवलं. मी फसवलं नाही. हे पहिल्या ओळीतच लिहून टाकतो, कारण बांद्याच्या बाजारात आजही उलटं सांगितलं जातं, आणि मी दिसलो की सांगणारे लगेच आंब्याच्या मोहोरावर बोलायला लागतात. बाबलच्या आवाजाची एकच तबकडी निघाली. तिच्यावर छापलंय, 'रत्नाकर आणि साथीदार'. हा रत्नाकर कधी जन्मालाच आला नाही. कारखानीसाने हे काम एकट्याने केलेलं नाही. त्याला हात देणारा आमच्यातलाच होता.

संपादकांनी माझ्याकडे मागितले होते लाऊडस्पीकरच्या धंद्यातले गमतीदार अनुभव. तेही देतो. पण मी चाळीस वर्षं घासाघीस करून जगलोय. पान मिळालंय तर माझंही काम करून घेणार.

माझा धंदा भोंग्यांचा. आधी मी बांद्याच्या बाजारात दुसऱ्यांच्या सुक्या मासळीच्या टोपल्या वाहत होतो, मग स्वतःच्या वाहायला लागलो. बेळगावच्या एका दुकानदाराकडे जुना ॲम्प्लिफायर आणि दोन भोंगे पडून होते. त्याने भाव उतरवावा म्हणून मी तीन दिवस त्याच्या पायरीवर बसलो. माझ्या कपड्यांना सुक्या बांगड्याचा वास होता. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं दुकानात शिरेनात, तेव्हा तो म्हणाला, "घे बाबा आणि जा."

तेव्हा आमच्या गावांत वीज नव्हती. मोटारीची बॅटरी, ॲम्प्लिफायर, ग्रामोफोन आणि भोंगे बैलगाडीत घालायचे, खाडी आली की होडीत. भोंगा माडावर बांधायचा तो वाऱ्याच्या अंगाने. माईकच्या तोंडावर धरलात तर शीळ घालतो. सुई दर तबकडीला बदलायची. कंजूष माणूस एकाच सुईवर अख्खं लग्न काढतो, मग तबकडी झिजून पिठूळ होते आणि गाणारी बाई सर्दी झाल्यासारखी गाते. गिऱ्हाईक नेहमी भोंग्याच्या बरोबर खाली उभं राहून म्हणतं, "आवाज कमी आसा." कारण आवाज त्याच्या डोक्यावरून जातो. मी अशा माणसाला हाताला धरून शेजारच्या वाडीत न्यायचो. तिथे शेजाऱ्याची म्हैस बुजलेली पाहिली की त्याचं समाधान व्हायचं.

बाबल मला मिठबावला एका लग्नात सापडला. गोवा मुक्त व्हायच्या आधीची गोष्ट. सकाळचा मुहूर्त होता आणि गाडीच्या हादऱ्याने माझी बॅटरी मेली. नवरीचा बाप माडाखाली उभा राहून ओरडत होता, "मेल्या, भोंगो बोलना नाय आणि तू मात्र बोलतंस!" मी त्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात किनाऱ्यावरून आवाज आला. मध्ये माडांची बाग होती, तरी शब्दन् शब्द कळत होता. माझे भोंगे कधी इतके स्वच्छ बोलले नव्हते.

किनाऱ्यावर रापण ओढत होते. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. सगळ्यांनी एकदम ओढावं म्हणून कोणीतरी पुढे साद घालावी लागते. ती साद बाबल घालत होता. वीस-बावीस वर्षांचा, काळा, काटकुळा. आणि तो साद घालत होता गाऱ्हाण्याची.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवासमोर गाऱ्हाणं घालतात. गावाचा मानकरी उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बोलायचा मान ठरावीक घराचा. इतरांनी फक्त 'व्हय' म्हणायचं. एकदा सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नाही. बाबल काय म्हणत होता?

"बा समुद्रा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि दोर एक हात वर.

"सकाळपासून चार कुर्ले आणि एक चप्पल गावली!"

"व्हय म्हाराजा!"

"बांगडो देणां तुझ्या जिवार येता, तर ती दुसरी चप्पल तरी दी रे म्हाराजा!"

चाळीस माणसं हसत ओढत होती आणि एकाचाही हात चुकत नव्हता. मी बाबलला दोर सोडायला लावला आणि तसाच ओल्या लंगोटीवर मांडवात नेला. लग्नात बाजा होता, त्यात आमच्या बांद्याचा पेद्रू कॉर्नेट ही पितळी तुतारी वाजवायचा. बाबलने नवऱ्याच्या मामावर गाऱ्हाणं घातलं, पेद्रूने मध्येच कॉर्नेट घुसवला, ढोलवाल्याला राहवेना. 'व्हय म्हाराजा'वर मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा उठून पाय आपटायला लागली. नवरीचा बाप मला म्हणाला, "भोंगो ऱ्हवांदे." तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस दुसऱ्या कोणाच्या हाती लागण्याआधी आपल्याकडे ठेवला पाहिजे.

त्यानंतर तीन हंगाम बाबल गायला. देवगडपासून बांद्यापर्यंत बाबलशिवाय लग्न होईना. एसटीवर गाऱ्हाणं, रेशनच्या गव्हावर गाऱ्हाणं, मुंबईला जाऊन पत्र न पाठवणाऱ्या नवऱ्यावर गाऱ्हाणं. या शेवटच्यावर बायका हसता हसता रडायच्या. आणि आमच्या लोकांचा एक घोटाळा झाला. हे गाणं आहे हे विसरून ते त्याला खरंच गाऱ्हाणं समजायला लागले. खारेपाटणचे हसनभाई व्यापारी गृहस्थ. त्यांनी नवं गलबत पाण्यात ढकलायला बाबलला बोलावलं. मी विचारलं, "हसनभाई, तुमच्यात चालता?" ते म्हणाले, "देव त्याचा, गलबत माझा. दोघांची ओळख करून देऊक काय हरकत?"

एकदा आचऱ्याकडचा एक माणूस मुलाचा निकाल घेऊन भर बाजारात माझ्या दुकानाशी येऊन उभा राहिला.

"तुझ्या बाबलान गाऱ्हाणां घातल्यान, आणि झिल नापास झालो!"

"झिल अभ्यास करी होतो?"

"अभ्यास केल्यान असतो तर बाबलाक कित्याक बोलयलंय असतंय?"

मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. फुकट चहा मी आयुष्यात क्वचित पाजलाय.

मग तात्या गावकार आले. मिठबावात गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या घराचा. गोरे, टोपी, हातात छत्री, आवाज कधी चढवणार नाहीत. मला आवाज चढवणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही.

"बाबल," ते म्हणाले, "रापणकारान गाऱ्हाणां घालूचां, तर मगे आमी काय रापण ओढूची?"

"ओढा मा, तात्यानू," बाबल म्हणाला. "दोर जड आसा. पण शिकवीन मी."

सगळे हसले. तात्याही हसले. ते हसणं मी पाहिलं आणि मला ते आवडलं नाही. बाबलला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुमका देव हसलो तरी संशय येतलो."

येतो. संशय घेतला म्हणून मी टोपलीवरून दुकानात आलो. मात्र नको तिथे रागावलो म्हणून बाबलचं नुकसान झालं, ते आता सांगतो.

कारखानीस हा मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा एजंट. गावोगाव फिरून गाणारे शोधायचा. कणकवलीच्या एका लग्नात त्याने बाबलला ऐकलं आणि तिथेच माझा हात धरला. मी त्याला आठ दिवस झुलवलं. एका तबकडीच्या जागी तीन तबकड्या कबूल करून घेतल्या, बोटीचं भाडं त्याच्याकडून, आणि तबकडीवर मोठ्या अक्षरात नाव 'बाबल, मिठबाव'. हे सगळं तोंडी. लिहून मुंबईला देतो म्हणाला. तोंडी बोलीवर मी कधी कोथिंबिरीची जुडी घेतली नाही. पण बाबल नाव ऐकून इतका खूश झाला होता की मी गप्प बसलो. त्याच्या आईला, भागीरथीकाकीला, त्याने त्याच दिवशी जाऊन सांगितलं, "आये, माझा नाव छापून येतला." नवरा समुद्रात गेलेली बाई. तिच्या घराण्यातलं नाव कधी कुठल्या कागदावर आलं नव्हतं.

तात्यांनी अडवलं नाही. उलट म्हणाले, "मी पण येतंय. देवाचा नाव मुंबयत जाता, कायतरी चुकीचा बोलला जाऊक नको." म्हणजे बोटीवर आम्ही आठ जण: मी, बाबल, पेद्रू, 'व्हय म्हाराजा' म्हणायला चार रापणकर, आणि तात्या.

तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांची. बाबलचं गाऱ्हाणं दहा मिनिटांचं. कंपनीच्या स्टुडिओत दिवा लाल झाला की सुरू, विझला की थांबायचं. पहिल्या खेपेला दिवा विझला आणि गाऱ्हाणं मधेच तुटलं. बाबल घाबरला. चारही रापणकर घाबरले. अर्धं गाऱ्हाणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक, त्या काचेमागच्या साहेबाला काय ठाऊक? साहेब म्हणाला, "मधलं काहीही कापा, शेवट नसला तरी चालेल." मी म्हटलं, चालणार नाही. आवाज चढला. मी टेबलावर हात मारला, पाण्याचा ग्लास त्यांच्या यंत्रावर सांडला, आणि दोन गुरख्यांनी मला जिन्याखाली आणून सोडलं. दुपारभर मी रस्त्यावर उभा होतो.

वर बाबलने तोडगा काढला. काही न कापता दहा मिनिटांचं गाऱ्हाणं त्याने सव्वातीन मिनिटांत बसवलं. रापण अंगावर आल्यावर शेवटची ओढ असते, तशी धाव घेतली. पेद्रू मागून धावला, चौघे 'व्हय म्हाराजा' म्हणत धावले. त्या तबकडीचा जो वेग पुढे लोकांना वेड लावून गेला, तो असा आला. संध्याकाळी ते खाली आले तेव्हा बाबलच्या ओठांना रंग नव्हता. मी विचारलं, "कागद झालो?" तात्या म्हणाले, "झालो सगळो. तू ओरडलंस तरी कायच बाकी रवला नाय."

कागद मी पाहिला नाही. हे माझं चुकलं.

दुसरं चुकलेलंही लिहितो. परत आल्यावर बाबल खोकायला लागला. खरं तर आधीपासून खोकत होता. त्या हंगामात मी त्याला सलग लग्नं लावली होती, आणि ॲम्प्लिफायरच्या खटक्यावर माझं बोट असायचं. त्याला खोकला आला की मी माईक बंद करायचो. लोकांना कळायचं नाही. तोही माझ्याकडे बघून हसायचा. मी त्याला कारागिरी समजत होतो. पावसाळ्यात रक्त पडलं. मिरजेला नेलं तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "इतके दिवस कोणाला ऐकू आलं नाही?" गणपतीच्या आधी बाबल गेला. पंचवीसचा होता.

बाकीच्या दोन तबकड्या राहूनच गेल्या. ती एक आली तेव्हा दिवाळी झाली होती. मी ग्रामोफोन घेऊन मिठबावला गेलो. पडवीत सगळी वाडी जमली. तबकडी लागली आणि भागीरथीकाकी खांबाला धरून उभी राहिली. लोक आपोआप 'व्हय म्हाराजा' म्हणायला लागले. कोणी सुई उचलू देईना. संपल्यावर तिने तबकडी पदरावर घेतली आणि गोल अक्षरांवर बोट ठेवलं.

"ह्यां माझ्या बाबलाचा नाव मा? वाच बघू."

मी तोवर नाव बघितलं नव्हतं. बघितलं, आणि वाचलं, "बाबल, मिठबाव."

आयुष्यात मी भावात पुष्कळ खोटं बोललो. हे एक खोटं मी फुकट बोललो, आणि तेच महाग पडलं. आठ दिवसांनी शाळेच्या मास्तरांनी तिला खरं वाचून दाखवलं. तिने तबकडी माणसाबरोबर परत पाठवली. निरोप होता, "तुझी तबकडी तुका. माझ्या झिलाचा नाव इकून खाल्लंस." गावाने जोडून घेतलं: मुंबईला नेणारा मी, सौदा करणारा मी, खोटं वाचणाराही मीच.

मी बोट पकडून मुंबईला गेलो. कारखानीस खुर्चीतून उठलाही नाही.

"रत्नाकर कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. लेबलवर काहीतरी छापावं लागतं. नाव बरं वाटलं. आता खपतंय, म्हणून पुढच्या गाणाऱ्यांनाही तेच देतोय."

"बाबलचं नाव ठरलं होतं."

"त्यानेच नको म्हटलं. हा कागद बघा."

कागदावर कारकुनाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गाऱ्हाण्याचा मान माझ्या घराचा नसल्याने तबकडीवर माझे नाव घालू नये.' खाली अंगठा.

मी दोनदा वाचलं. मानाची गोष्ट कारखानीसाला स्वप्नात तरी सुचली असती का? आणि अंगठा कसा? बाबलला सही येत होती. मीच शिकवली होती, आणि तीही एका कारणाने. आमच्यातल्या पहिल्या कराराला मी त्याचा अंगठा घेतला तेव्हा कागदावर नुसता काळा डाग उठला. लहानपणापासून काथ्याचा दोर ओढून त्याच्या अंगठ्याच्या रेघा झिजून गेल्या होत्या. रापणकरांचे अंगठे असेच असतात, गुळगुळीत. या कागदावरच्या अंगठ्याची एकेक रेघ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट होती. असा अंगठा दोराला हात न लावलेल्या माणसाचा.

"हा कोणी दिला?" मी विचारलं.

"तुमच्यातल्याच एकाने लिहायला सांगितलं आणि शेजारच्या खोलीत नेऊन अंगठा करून आणला. कोण ते आता आठवत नाही, मी कशाला विचारू? नाव नसलं की माझं सोपं."

मला कागद हवा होता. कारखानीसाला दुसरा मालवणी गाणारा हवा होता. मी म्हटलं, कुडाळला एक आहे, बाबलपेक्षा वरचढ, महिन्यात आणतो. त्याने कागद दिला. कुडाळला असा कोणी नव्हता. ही फसवणूक माझी आहे आणि ती मला मान्य आहे.

कागद घेऊन मी भागीरथीकाकीच्या दारात गेलो. तिने आतून कडी लावली. मग मी शाईची डबी घेऊन निघालो. चारही रापणकरांनी अंगठे दिले. चार काळे डाग. पेद्रूने दिला, त्याच्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे, कागदावरच्यावर नाही. मी माझा उठवला. जुळत नाही. राहिले तात्या. ते देवळाच्या पायरीवर बसले होते.

"तात्यानू, आंगठो देवा."

"मी सही करतंय."

"सही नको. आंगठो."

ते शांतपणे म्हणाले, "ह्या आंगठ्यान मी देवाक टिळो लावतंय. तेका शाई लावची नाय."

बसलेली माणसं 'बरोबर' म्हणाली. तात्या पुढे म्हणाले, "तुका संशय आसा तर देवाक कौल लावया." कौल म्हणजे देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा आणि कुठली पाकळी पडते ते पाहायचं. मी विचारलं, "प्रश्न कोण घालतलो?" ते म्हणाले, "घालतलंय मीच. मान माझो." सौद्यात अर्धं उत्तर प्रश्न घालणाऱ्याच्या हातात असतं, हे मला कोणी शिकवायला नको. मी नाही म्हटलं. तर गावात झालं की हा देवालाही घाबरला, म्हणजे यानेच खाल्लं.

भागीरथीकाकी त्यानंतर अकरा वर्षं जगली. रस्त्यात मी दिसलो तर पदर तोंडावर घ्यायची. मी तिच्या सरणाला लाकडं पाठवली, ती परत आली.

तात्या गावकार आज ऐंशीच्या पुढे आहेत, चष्मा लावून वाचतात, आणि हा अंक मिठबावच्या वाचनालयात येतो. माझा, पेद्रूचा आणि चार रापणकरांचा अंगठा मी त्या कागदाच्या प्रतीसह संपादकांच्या हवाली केला आहे. ज्याला ताडून बघायचं त्याने बघावं. सहा झाले, सातवा यायचा आहे. तुमच्या घराचा मान मोठा, तो राखावासा वाटला हे मी समजू शकतो. तसं उघड सांगितलं असतंत तर मी तुमच्याशी भांडलो असतो, आणि बाबलने तुमच्यावर एक गाऱ्हाणं घातलं असतं, एवढंच. पण तुम्ही त्या पोराच्या तोंडी 'माझं नाव नको' हे वाक्य ठेवलंत आणि त्याच्या आईला मरेपर्यंत माझ्याकडे बोट दाखवू दिलंत.

तात्यानू, आंगठो तुमचो नाय, तर शाई लावा आणि माका गावासमोर खोटो पाडा. तुमचोच आसा, तर तिच्या दारात जावन, ती नसली तरी, मोठ्यान सांगा. आणि माका एवढांच सांगा, कित्याक?